जेलमधून सुटून येणाऱ्या माणसाला सालदार (वर्षभराचा शेतगडी) ठेवायचं आहे. कोणाचा अनुभव?

काळीमाती
मंडळी, राम राम. मी वरुड तालुक्यातला शेतकरी. संत्र्याचा बगीचा आहे, थोडी कपाशी आणि तूर. विषय नाजूक आहे, म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कोणी विचारूही नये ही विनंती.

आमच्या गावचा एक माणूस पुढच्या महिन्यात सुटून येऊन राहिला आहे. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण झालं होतं, त्यात शेजारच्या वावरातला माणूस जीवानिशी गेला. याला जन्मठेप झाली. आधी अमरावती सेंट्रलला होता, पुढं वागणूक चांगली म्हणून मोर्शीच्या खुल्या कारागृहात पाठवलं. तिथं शेतीचं काम केलं. दोनदा संचित रजेवर आला तेव्हा मी भेटलो होतो. आई म्हातारी, घरात एकटी. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. वावर भावानं मक्त्यानं देऊन टाकलं आहे.

मला त्याला पाडव्यापासून सालदार म्हणून ठेवायचं आहे. बगीच्यातलं काम त्याला येतं आणि आता भरवशाचा सालदार मिळतो कुठं? पण खरं कारण ते नाही. सरकारनं जेलात त्याला शिकवलं, तपासलं, पोलिसांचा अहवाल मागवला आणि मग सोडलं. एवढं सगळं करून तो गावात आला आणि गावानं त्याला ओट्यावर बसू दिलं नाही, तर ती सगळी मेहनत वाया गेली असं मला वाटते. घरात विरोध आहे. गावात दोन तट आहेत. आणि ज्यांचा माणूस गेला ते कुटुंब गावातच राहते, माझ्या बगीच्यापासून तीन वावरं सोडून. कोणी असं केलं असेल तर सांगा. कायद्यानं काही भानगड येते का तेही सांगा.

पुण्यातला_वऱ्हाडी
भाऊ, मोठी हिंमत करून राहिले तुम्ही. एक साधी गोष्ट सुचवतो. तो आत गेला तेव्हा बाजारात नोटा चालायच्या. आता भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढं करते. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात मोबाईल द्या आणि शेजारी एखादा आठवीतला पोरगा बसवा. पोरं मोठ्यांना फार प्रेमानं शिकवतात, वरून रागावतातही. माझ्या बाबांना माझी भाची शिकवते तेव्हा ते शाळेत बसल्यासारखे मान खाली घालून ऐकतात.

नांगरट
मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. माझ्या काकाले मारणारा सुटून आला त्या दिवशी गावात डीजे लावला होता. माणसं हार घेऊन बसस्टँडवर गेली होती. माझी काकू त्या दिवशी घराचं दार लावून बसली. तिचे दोन पोरं तेव्हा शाळा सोडून दुसऱ्याच्या वावरात वखर हाकत होते. त्या पोरांच्या पुनर्वसनाचा धागा कोणी काढला काय? त्याले काम पाहिजे, घर पाहिजे, मोबाईल शिकवा, सगळं पाहिजे. मेला त्याच्या घरी एकदा तरी गेले काय तुम्ही?

काळीमाती
नांगरट भाऊ, तुमचा प्रश्न योग्य आहे. त्यांच्या घरी येणं-जाणं आहे माझं, लग्नाकार्यात असतो. पण या विषयावर अजून बोललो नाही. कसं बोलावं तेच समजून नाही राहिलं.

वकीलभाऊ_यवतमाळ
कायद्याचं सांगतो. खाजगी माणसानं सुटून आलेल्याला कामावर ठेवायला कोणतीही बंदी नाही. परवानगीही लागत नाही. मात्र दोन गोष्टी करा.

पहिली म्हणजे त्याच्या सुटकेच्या आदेशाची प्रत वाचा. लोकांना वाटतं जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, मग माणूस आपोआप बाहेर. तसं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात 14 वर्षं ही किमान मुदत आहे, त्याआधी सुटकेचा विचारच होत नाही. आधी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम 433-अ मध्ये होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) 475 मध्ये आहे. त्यानंतर शासन त्याची वागणूक, गुन्ह्याचा प्रकार, पोलिसांचा आणि जिल्हा प्रशासनाचा अहवाल पाहून शिक्षेत सूट देते. ही सूट अटींवर असू शकते आणि अट मोडली तर ती रद्द होऊन माणूस परत आत जाऊ शकतो. त्यामुळे पोलिस ठाण्यात हजेरी आहे का, कुठं जायला मनाई आहे का, हे तुम्हालाही माहीत पाहिजे. उद्या तुम्ही त्याला संत्र्याच्या गाडीवर नागपूरला पाठवाल आणि त्याच दिवशी हजेरी असेल.

दुसरी गोष्ट, पोलिस पाटलांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. कायद्यानं सक्ती नाही, पण गावात काहीही चोरी झाली की पहिला फोन याच्या घरी जाणार. तेव्हा 'तो माझ्याकडे कामाला आहे, काल रात्री पाणी ओलत होता' असं सांगणारा माणूस लागतो.

आणि एक. त्याचं आधार, रेशनकार्डातलं नाव, बँकेचं खातं तपासा. इतक्या वर्षांत रेशनमधून नाव कमी झालेलं असतं, खातं बंद पडलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका माणसाला जेलातल्या कामाचे पैसे मिळाले होते आणि ते ठेवायला चालू खातं नव्हतं. धनादेश घेऊन फिरत होता बिचारा.

अंगणवाडीताई
मी धारणी भागात काम करते. सगळे सुटून आलेल्या माणसाबद्दल बोलत आहेत, मला त्याच्या घराबद्दल बोलायचं आहे.

नवरा अमरावतीच्या जेलात असला की इथल्या कोरकू बाईचा मुलाखतीला जायचा अख्खा दिवस जातो. पहाटेची गाडी, परतवाड्याला बदलायची, मजुरी बुडते, तिकीट वेगळं, लेकरू काखेत. कागद कमी पडला तर भेट न होताच परत. अशा तीन-चार खेपा झाल्या की बाई जाणं सोडते. मग गाव म्हणते, पाहा, हिनं नवऱ्याला सोडलं. तुम्ही लिहिलं की बायको माहेरी गेली ती आली नाही. भाऊ, तिला तुम्ही दोष दिला नाही, पण वाचणारे देतील. ती इतकी वर्षं कशावर जगली असती?

आईबाप जेलात असलेल्या लेकरांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. किती गावात हे माहीत आहे? माझ्याकडे एका आजीनं नातवाला घेऊन येऊन विचारलं, 'बाप मेला नाही, मग याले कसे मिळतील?' तिला कोणीतरी सांगितलं होतं की बाप मेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. अर्ज भरला, वेळ लागला, पण मिळाले. अमरावतीला वऱ्हाड नावाची संस्था बंद्यांच्या मुलांसाठी काम करते, त्यांच्याकडून आम्हाला खूप समजलं.

जेलात गळाभेट होते तेव्हा मुलं बापाला काचेशिवाय, जाळीशिवाय भेटतात. एक पोरगी परत आल्यावर मला फक्त एवढंच म्हणाली, 'बाबाच्या दाढीचं टोचलं.' ती आठवडाभर तेच सगळ्यांना सांगत होती. सुटून आल्यावर माणूस कोणाकडे जाणार हे त्या आतल्या वर्षांत ठरते. तोपर्यंत घर तुटलं असेल तर तुम्ही नुसतं काम देऊन किती सांधणार?

रानवारा
धुऱ्याचं काय झालं? मोजणी झाली का?

जुना_मास्तर
विदर्भातल्या एका कारागृहात मी बरीच वर्षं शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. आतलं थोडं सांगतो, कारण बाहेर लोकांच्या डोक्यात एकतर दगड फोडणारे कैदी असतात, नाहीतर मटण खाणारे.

सुतारकाम, शिवणकाम, माग, लोहारकाम हे सगळं चालतं. अडचण अशी की माणूस आत मागावर हात बसवतो आणि सुटून घाटंजीजवळच्या पाड्यावर जातो. तिथं माग कुठला? शिकलेलं सगळं फाटकापाशी राहतं. मोर्शीची गोष्ट वेगळी आहे, तिथं शेती आहे, आणि सुटणारा बहुतेक शेतीतलाच असतो. खुल्या कारागृहात भिंतीपेक्षा भरवशावर काम चालतं. आपल्या महाराष्ट्रात हा विचार जुना आहे. 1939 मध्ये औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुली वसाहत काढली, तिथं शिक्षा झालेली माणसं घरच्यांसोबत राहून शेती करत. कारागृह सुधारणेसाठी नेमलेल्या मुल्ला समितीनं 1983 मध्ये अहवाल दिला, त्यातही सुधारणा आणि पुनर्वसन हाच कारागृहाचा उद्देश मानला होता. तरी कायदा चालत राहिला तो 1894 चा. केंद्रानं नवीन आदर्श कायद्याचा मसुदा दिला 2023 मध्ये. मध्ये किती पिढ्या गेल्या बघा.

काळीमाती, तुम्हाला उपयोगी पडेल असं सांगतो. तुमचा माणूस सुरुवातीला सांगितल्याशिवाय काही करणार नाही. त्याला आळशी समजू नका. आत कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी दिवा लागणार हे सगळं दुसरा ठरवतो. मी सुटलेल्या एका बंद्याला घरी जेवायला बोलावलं होतं. बंद दारापुढं तो उभाच राहिला. दार ढकलायची सवय गेली होती, कोणीतरी उघडेल याची वाट पाहत होता. रात्री अंधारात झोप येत नाही कारण बराकीत दिवा चालू असतो. एकट्याला झोप येत नाही कारण शेजारी पन्नास माणसं असायची. वावरातल्या खोलीत त्याला एकटं ठेवणार असाल तर पहिले काही दिवस कोणाला तरी सोबत झोपू द्या.

आणि त्याला विचारत राहा. 'आज कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचं, तू सांग.' छोटे निर्णय त्याच्याकडून घ्या. माणूस त्यातून परत येतो.

सातपुडा
मास्तर, दाराचं वाचून पोटात तुटलं.

माळरान
मी फासेपारधी समाजातला. समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालो आहे. सगळे 'गुन्हेगार समाजात परत कसा येईल' यावर बोलत आहेत. आमच्याकडे माणूस गुन्हा न करताच बाहेर काढलेला असतो, त्याला परत कुठं घ्यायचं?

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. तो 1952 मध्ये रद्द झाला, आम्ही विमुक्त झालो. पण गावाच्या आणि ठाण्याच्या डोक्यातून तो गेला नाही. अमरावती, यवतमाळ, अकोल्यात कुठंही चोरी झाली की आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोलिसांची गाडी येते. पोरगा उचलला की जामीन झाला तरी सुटत नाही, कारण जामीनदार पाहिजे, जामीनदाराचा सात-बारा पाहिजे. आमच्याकडे कोणाच्या नावावर वावर आहे?

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कारागृहात जातीवरून काम वाटायचं नाही, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायचा, आणि विमुक्त जमातीचा आहे म्हणून कोणाला सराईत गुन्हेगार धरायचं नाही. 2024 ला हे सांगावं लागलं. झाडूकाम कोणाला आणि स्वयंपाक कोणाला हे आत जात पाहून ठरत होतं, तिथं कोणती सुधारणा होणार होती?

काळीमाती दादा, तुम्ही करताय ते चांगलंच आहे, मनापासून सांगतो. फक्त स्वतःला एक विचारा. हाच माणूस पारधी असता तर ठेवला असता का?

काळीमाती
माळरान भाऊ, विचारलं स्वतःला. माझ्याकडे संत्रा तोडाईला दोन वर्षं तुमच्या समाजाची टोळी होती, चांगलं काम केलं. पण बगीच्याच्या खोलीची किल्ली मी त्यांना दिली असती का, याचं उत्तर देताना अडखळलो. खोटं बोलत नाही.

माळरान
खरं बोलला तेवढं पुरे, दादा. नांदगाव खंडेश्वरकडे कधी आलात तर मंगरूळ चव्हाळ्याची प्रश्नचिन्ह शाळा पाहून जा. आमची लेकरं शिकतात तिथं.

वकीलभाऊ_यवतमाळ
माळरान यांनी जामिनाचा मुद्दा काढला, तो फार मोठा आहे. आपण शिक्षा झालेल्यांबद्दल बोलतो, पण 2022 च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत 5,73,220 माणसं होती आणि त्यातली 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांवर माणसांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. त्यांच्यासाठी ना प्रशिक्षण ना काम, नुसती तारखेची वाट. पक्क्या कैद्याला तरी मोर्शीसारखी जागा आहे.

गावात कोणी असा अडकला असेल तर लिहून ठेवा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर बीएनएसएस 479 खाली त्याच्या सुटकेचा विचार होतो. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस असतील तरी अडतं. जामीन मंजूर आहे पण पैसे नाहीत, अशांसाठी केंद्राची 2023 पासूनची योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनाच्या पैशांसाठी मदत मिळते. ज्याला दंड भरता येत नाही म्हणून आत आहे त्यालाही मिळते. आणि वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयात लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथं जाऊन नुसतं नाव आणि केस नंबर सांगा. घरच्यांनी यासाठी बैल विकू नयेत. मी बैल विकून आलेले लोक पाहिले आहेत.

विहिरीचा_काठ
आमच्या वर्ध्यात कितीतरी वर्षांपासून दारूबंदी. मोहाची काढणारी बाई पकडली जाते, सुटते, परत काढते, कारण दुसरं काम नाही. तिच्यासाठी जेल काय आणि सुधारणा काय? दुसरा धंदा द्या.

पुण्यातला_वऱ्हाडी
विहिरीचा_काठ, दारूबंदीवर वेगळा धागा काढा हो, इथं सुरू झाली की पोळ्यापर्यंत चालेल चर्चा. 🙂

झाडीपट्टी
गडचिरोलीत शिक्षक आहे. माझ्या डोळ्यासमोर पुनर्वसन होतं म्हणून लिहितो.

इथं 2005 पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पणाची योजना आहे. बंदूक खाली ठेवणाऱ्याला पैसे, घर, कागदपत्रं, प्रशिक्षण, नोकरीची मदत मिळते. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीसारखा मोठा नेता साठ साथीदारांसोबत शरण आला. मी याच्या पूर्ण बाजूनं आहे. माझ्या शाळेत अशा घरची मुलं आहेत, बाकीच्या मुलांत मिसळून गेली आहेत, डबा वाटून खातात. म्हणजे शासनानं ठरवलं तर आधार कार्डापासून घरापर्यंत सगळं एका खिडकीत होतं, हे सिद्ध झालं आहे.

आता दुसरी बाजू. एटापल्ली, भामरागडकडचा एखादा माडिया आदिवासी पोरगा चंद्रपूरच्या नाहीतर नागपूरच्या जेलात कच्चा कैदी म्हणून वर्षानुवर्षं राहतो. मराठी धड येत नाही, वकील काय म्हणतो ते समजत नाही, घरचे एवढ्या लांब भेटायला जाऊ शकत नाहीत. शेवटी निर्दोष सुटतो. त्याच्यासाठी काय आहे? फाटकाबाहेर सोडून देतात, हातात कपड्याची पिशवी. एकजण गावी परत येईपर्यंत बाप वारला होता आणि त्याला कोणी कळवलंही नव्हतं. जो दोषी ठरलाच नाही त्याचं पुनर्वसन कोणाच्या खात्यात येतं, मला कोणीतरी सांगा.

फणसाडी
सगळे गोड बोलून राहिले म्हणून कडू सांगतो. आमच्या गावचा एक मारामारीत आत गेला, दोन वर्षांनी आला तो चोरट्या रेतीवाल्यांची ओळख घेऊन. आता रात्री टिप्परच्या पुढं मोटरसायकलवर राहतो. तहसीलदाराची गाडी आली की फोन करतो. महिन्याला सालदाराच्या तिप्पट कमावतो. प्रत्येक माणूस सुधरून येते हे मानायला मी तयार नाही.

सरपंच_ताई
फणसाडी भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, पण उलटं करून पाहा. त्याला पहिला फोन कोणी केला? तो आला तेव्हा गावातल्या कोणी कामाला बोलावलं होतं का? आमच्या गावात एक पोरगा चोरीच्या केसमधून आला. किराणावाल्यानं उधारी बंद केली, सलूनवाल्यानं खुर्ची दिली नाही. आठ दिवसांत त्याला एका पुढाऱ्याच्या गाडीत जागा मिळाली, पुढच्या सीटवर. गावानं सोडलेली जागा कोणीतरी भरतंच.

मी काय केलं ते सांगते. रोजगार हमीच्या कामावर त्याचं जॉबकार्ड काढलं. कोणाच्या मेहरबानीची गरज नाही, कायद्यानं हक्क आहे. पांदण रस्त्याच्या कामावर बाकीच्यांसोबत माती टाकायला लागला. पहिल्या दिवशी बायका त्याच्यापासून लांब बसून जेवल्या. नंतर एकीची टोपली डोक्यावर चढवायला त्यानं हात लावला. रोज एकाच उन्हात काम केलं की लोकांची भीती कमी होते, भाषणानं नाही होत. तो आता ट्रॅक्टर चालवतो. पुढारी अजून बोलावतो त्याला, कधी जातोही, सगळं काही सरळ झालं असं नाही. पण रात्री घरी असतो.

जिल्ह्याला परिविक्षा अधिकारी असतात, महिला व बालविकास खात्याचे. सुटून आलेल्याला धंद्यासाठी मदतीचा अर्ज त्यांच्याकडे होतो. मलाही सरपंच झाल्यावरच कळलं.

जुना_मास्तर
सरपंच ताई, तुमच्यासारखे चार सरपंच तालुक्याला मिळाले तर आमचं निम्मं काम झालं असतं. तुकडोजी महाराज 1942 च्या आंदोलनात नागपूर आणि रायपूरच्या जेलात होते. त्या काळात चांगली माणसं जेलात जायची म्हणून गावं आतल्या माणसाला पत्र लिहायची, वाट पाहायची. गुरुदेव सेवा मंडळं आजही आपल्या गावोगावी आहेत. सामुदायिक प्रार्थनेला सुटून आलेला माणूस बसला तर त्याला उठ म्हणणारं कोणी नसावं. तिथून सुरुवात करता येते, काळीमाती.

नांगरट
सगळं वाचलं. दोन दिवस लिहिलं नाही कारण राग येत होता. अजूनही माझं मत तेच हाय, मेलेल्याच्या घराले विचारल्याशिवाय कोणतं पुनर्वसन नाही. पण काळीमाती भाऊ खरं बोलून राहिले म्हणून सांगतो, कामी पडलं तर घ्या.

त्यांच्या घरी तुम्ही एकटे जा. त्याले नेऊ नका. हात जोडायला लावू नका, माफीचा कार्यक्रम ठेवू नका. तंटामुक्ती समितीवाले फोटो काढायला येतील, येऊ देऊ नका. माझ्या काकूले असंच बसवलं होतं मांडवात. ती काही बोलली नाही अन् लोक म्हणाले, झालं, माफ केलं. तिनं माफ नव्हतं केलं.

तुमच्या बगीच्यात जायचा रस्ता त्यांच्या घरापुढून असेल तर त्याले दुसऱ्या रस्त्यानं पाठवा. पोळ्याच्या दिवशी तुमची बैलजोडी त्याच्या हातात देऊ नका, या वर्षी तरी. तोरणाखाली सगळं गाव असते, त्या पोरांनी मान कुठं वळवायची? अन् त्या बाईले फक्त एक विचारा, तुम्हाले काय पाहिजे. आम्हाले हे कोणी कधीच विचारलं नाही.

वकीलभाऊ_यवतमाळ
नांगरट, तुमच्या काकूंना नुकसानभरपाई मिळाली होती का? बळींच्या कुटुंबासाठी भरपाईची योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज असतो. आरोपीला शिक्षा झाली की नाही यावर ती अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयानं तर 1998 मध्येच म्हटलं आहे की बंद्यांना कामाची योग्य मजुरी द्या आणि तिच्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढायचा कायदा करा. मुदतीचं बघावं लागेल, पण मला व्यक्तिगत निरोप करा. फी नको.

नांगरट
कोणी सांगितलंच नव्हतं वकीलसाहेब. करतो निरोप.

काळीमाती
मंडळी, काल संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो. नांगरट भाऊंनी सांगितलं तसं एकटा गेलो.

वहिनी आधी काही बोलल्या नाहीत. चहा दिला. त्यांचा मोठा मुलगा उठून बाहेर गेला. मी सरळ सांगितलं, तो येऊन राहिला, मी त्याला कामावर ठेवायचं म्हणतो, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. खूप वेळ शांत होत्या. मग म्हणाल्या, 'तो कुठं काम करते याच्याशी मले काही करायचं नाही. पण धुरा अजून तिथंच हाय. त्याच्या भावानं ज्याले वावर मक्त्यानं दिलं तो दरवर्षी नांगराचं एक तास इकडं सरकते. माया पोरगा आता बावीसचा झाला. तो बी तणतणते. पुढच्या मृगात अजून कोणाचं डोकं फुटायची वाट पाहू काय मी?'

मला बोलताच आलं नाही. रानवारानं वरती विचारलं होतं धुऱ्याचं काय झालं म्हणून, आणि आपण कोणीच उत्तर दिलं नाही. पोलिस झाले, कोर्ट झालं, जेल झाली, सुटका झाली. ज्याच्यावरून माणूस मेला ती हद्द अजून कोणी मोजली नाही.

घरी आलो, त्याच्या भावाला बोलावलं. पहिले नाही म्हणाला. मी म्हटलं, मोजणीचे पैसे मी भरतो, पण तुझा भाऊ यायच्या आधी दगड गाडला गेला पाहिजे. रात्री उशिरा हो म्हणाला. वहिनींच्या मोठ्या मुलालाही आज सकाळी भेटलो, तो सोबत येतो म्हणाला तालुक्याला. आता मोजणीचं कसं करायचं ते सांगा, माझी स्वतःची कधी वेळ आली नाही.

रानवारा
भाऊ, माझ्या आजोबापासून आमच्याकडे दोन पिढ्या धुऱ्यावरून कोर्टात गेल्या, म्हणून विचारलं होतं.

वकीलभाऊ_यवतमाळ
'हद्द कायम मोजणी' असा अर्ज करायचा, भूमी अभिलेख कार्यालयात. ऑनलाइन ई-मोजणीवर होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, तुमच्याकडे महिनाच आहे तर द्रुतगती घ्या, फी जास्त लागेल. अर्ज वहिनींच्या नावानं करा, सात-बारा त्यांचा लावा. अर्जात लगतचे सगळे खातेदार लिहा, एकही सोडू नका, त्यांना नोटीस गेली पाहिजे. मोजणीच्या दिवशी दोन्ही घरची माणसं आणि पोलिस पाटील हजर ठेवा. भूकरमापकानं खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड गाडा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या, आणि नंतर मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते ती दोन्ही घरांत एकेक ठेवा.

नांगरट
मोजणीच्या दिवशी वहिनीले वावरात नका बोलावू. पोरगा पुरे.

सरपंच_ताई
सिमेंटचे खांब लागले तर आमच्या ग्रामपंचायतीच्या कामातले उरलेले आहेत, मोर्शी रोडवरच गाव आहे. गाडी पाठवा, घेऊन जा.

काळीमाती
ताई, गुरुवारी गाडी पाठवतो. तालुक्याला उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊन राहिलो, वहिनींचा मुलगा सोबत आहे.